सात खात्रीशीर गिऱ्हाइकं आणि एक फेटा

गेल्या उन्हाळ्यात मी एकाच दुपारी सात बायका झालो. त्यातली एक गरोदर होती.

सरकारी कचेरीत तीस वर्षं कारकुनी करून मी आगरदांड्याला घरी बसलो होतो. बायको, वनिता, मात्र कधीच बसत नाही. ती कोळंबी सोलून उन्हात वाळवते आणि ते सोडे बाजारात विकते. त्या वर्षी तीन मोठे डबे भरून उरले. पाऊस तोंडावर आलेला. एकदा हवेत ओल आली की सोडे मऊ पडतात आणि हंगामाची मेहनत पाण्यात जाते. वनिता रोज डब्यांकडे बघून उसासे टाकायची. मला ते बघवेना. (मला काही बघवेनासं झालं की घरातले घाबरतात.)

पनवेलहून मुलीचा, प्राचीचा, फोन आला. "बाबा, आईच्या धंद्याचा ब्लॉग काढा. लोकांचा विश्वास बसला की ऑर्डरी आपोआप येतात."

ब्लॉग कुठे काढायचा याचे दोन पर्याय तिने सांगितले, एक फुकटचा आणि एक विकतचा. निवड करायला मला पाव सेकंद लागला! फुकटच्यावर मी 'सोडे: सागराचं सोनं' असा भारदस्त लेख टाकला आणि कौतुकाने वनिताला दाखवला. लेखाखाली त्या लोकांनी आपणहून जुलाबाच्या औषधाची जाहिरात लावली होती.

"आवो, आधी सोडे खा नि मंग ह्ये घ्या, असं लिवलंय काय तुमी?"

मग विकतचा ब्लॉग. पैसे प्राचीने भरले. जाहिराती गेल्या, पण लेखाखाली गिऱ्हाइकांनी अभिप्राय लिहायची जागा होती आणि ती चार दिवस ओसाड पडली. रिकाम्या खानावळीत कोण शिरतं? म्हटलं, निदान पहिली पंगत तरी आपण बसवू.

जेवण झाल्यावर बसलो आणि सात अभिप्राय ठोकले. एका सासूबाईंना सोडे खाऊन भूक लागू लागली. एका नववधूने सासर जिंकलं. एकीने लिहिलं, 'मला सातवा महिना आहे, तुमच्या सोड्यांशिवाय घास उतरत नाही.' प्रत्येकीच्या खाली, कचेरीतल्या सवयीने, 'आपली विश्वासू' लिहून वेगळं नाव टाकलं. प्रत्येक नावाशेजारी माझ्या खात्यावरचा फोटो दिसत होता, पण तो फक्त मलाच दिसत असणार अशी माझी समजूत. फोटो निरोपसमारंभातला. डोक्यावर फेटा, हातात नारळ, आणि मिशा तर विचारूच नका!

तिसऱ्या दिवशी तळा गावाहून सुनंदाबाईंचा फोन आला. यांची मोठी मेस. आमचे सगळे सोडे त्या एकट्याच उचलतील अशी वनिताला आशा होती. मी फोन स्पीकरवर टाकला.

"काका, तब्येत कशी आहे?"

"उत्तम!"

"जपा हो. सातव्या महिन्यात नारळ उचलू नये."

म्हणजे तो फोटो सगळ्यांनाच दिसत होता!

"सोडे राहू देत आता," त्या म्हणाल्या. "जो माणूस गिऱ्हाइकं घरी बनवतो, तो सोडे कशाचे बनवत असेल, देव जाणे!"

वनिताने सगळं ऐकलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती सोलून सोलून चिरलेली आपली बोटं बघत बसली. मला खरोखर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबे घेऊन एसटीने तळ्याला निघाली. हमाल मी. मेसमध्ये शिरताच तिने मूठभर सोडे सुनंदाबाईंसमोर ठेवले.

"तोडा."

कट! सोडा कडक वाळलेला.

"वास घ्या. एक तोंडात टाका. बाई, वाळवताना वारा सुटला व्हता, वाईच वाळू हाय. दोन येळा धुवा. ह्यो तिसरा डबा पिवळा पडलाय, त्यो मी तुमाला देनार न्हाय."

बाजारात ती हे रोज करते. माझ्या लेखाच्या अकरा परिच्छेदांत 'तोडा' हा शब्द एकदाही नव्हता!

सुनंदाबाईंनी दोन्ही डबे ठेवून घेतले. मग माझ्याकडे बोट दाखवलं. "आणि यांचं काय?"

"ह्यांना तोडून बगू नका, बाई. कवाच मऊ पडल्यात."

घरी आल्यावर तिने सांगितलं आणि मी अक्षर न बदलता ब्लॉगवर उतरवलं: 'वरच्या साती बाया म्हंजी आमचं मालक. त्यांच्यावर इस्वास ठेवू नका. सोड्यांत वाळू हाय, धुवून घ्या. एक डबा पिवळा हाय, त्यो आमी घरीच खानार.' या चार ओळींवर इतक्या चौकशा आल्या की 'सोडे संपले' सांगता सांगता तिचा घसा बसला. माझ्या सागराच्या सोन्याचं कुणी नावही काढलं नाही.

मग एक दिवस तिने त्या पिवळ्या डब्यातल्या सोड्यांचं वांगं-बटाटा घालून कालवण केलं. असलं चविष्ट झालं होतं की मला राहवेना. आयुष्यातला पहिला खरा अभिप्राय मी स्वतःच्या नावाने लिहिला, 'फार सुंदर.' तासाभरात खाली सुनंदाबाईंचं उत्तर: 'वनिताताईंची सही आणा. सहीशिवाय तुमचा अभिप्राय ग्राह्य धरत नाही.'

तीस वर्षं मी लोकांचे अर्ज सही नाही म्हणून परत पाठवले होते. मी निमूटपणे फोन घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि वनितापुढे धरला.

तिने मानही वर केली नाही. "ठिवून जावा थितं. सवड झाली की बगते."