घोंगडीचा दावा

आता माझ्याच तोंडाने काय सांगायचं! दुसऱ्याची बाजू मांडण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता, आणि त्यातच मी असा आपटलो की महिनाभर जुन्नरच्या बाजारातून खालमानेनं फिरलो.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. मी कचेरीबाहेर चिंचेखाली बसून लोकांचे अर्ज लिहायचो. एके दिवशी पेपरात आलं, हायकोर्टाचा निकाल! माणूस तुरुंगात गेला म्हणून त्याचे सगळे हक्क बुडत नाहीत. अधिकाऱ्याने नुकसान केलं तर कैदीसुद्धा दावा लावू शकतो. मी तो चारदा वाचला. आता फक्त कैदी मिळायचा बाकी होता!

मिळाला की. तळेघरचा धोंडू. रानातलं झाड तोडलं म्हणून महिनाभर कचेरीच्या कोठडीत होता, त्याच दिवशी सुटला. ऐन थंडीत नुसत्या बंडीवर कुडकुडत उभा.

"भाऊ, आत घालताना माजी घोंगडी काढून घेतली. आता म्हनत्यात घावत न्हाई. वर डोंगरात लई गारठा हाय. एक अर्ज लिवा."

"अर्ज कसला? दावाच लावू!"

"सरकारी मानसावर? नगं राव, परत आत घालतील."

"अरे, हायकोर्ट आहे तुझ्या पाठीशी! खूण सांग."

"काळी हाय. कोपऱ्याला लाल दोऱ्याचं टाकं. बायकोनं घातल्यात."

बिचाऱ्याचा आवाज ऐकून मला खरंच भरून आलं. मग काय, लेखणी अशी सुटली म्हणता! नोटीस मोठ्यानं वाचायला लागलो तशी गर्दी जमली. कोठडीचा हवालदारही बाहेर आला.

"प्रतिवादी पहिला, कोठडीचा हवालदार!" मी गरजलो. "प्रतिवादी दुसरा, गरिबाची घोंगडी आजही निर्लज्जपणे वापरणारा इसम!"

लोक म्हणाले, "वा, गुलाबभाई!"

हवालदार शांतपणे म्हणाला, "दुसऱ्याचं नाव बी लिवा की."

"माहीत असतं तर सोडला असता का?"

"पंधरा दिसांमागं, बेवारशी पडलीय म्हनून, मी तुमाला बसायला काय दिलं व्हतं?"

मी खाली पाहिलं. माझ्या मांडीखालून लाल टाके डोकावत होते!

मी उठलो. म्हणजे, उठावंच लागलं. धोंडूनं घोंगडी झटकली, डोक्यावरून घेतली आणि त्याचा चेहरा उजळला. मलाही बरं वाटलं. सुटलो म्हणायचं!

दोन पावलं गेला आणि परत वळला. घोंगडीचा पदर पुढं करून अगदी नम्रपणे म्हणाला,

"भाऊ, हिच्यावर शाई सांडलीय. ह्याचा दावा कुनाकडनं लिवून घिऊ?"