दोन टिपांचा खिसा

मेंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावलं होतं: भरपूर झोपा, घाई करू नका आणि हातांना रोज थोडं ओळखीचं काम द्या. माझं ओळखीचं काम एकच. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात, जीन्सच्या कारखान्यात, अकरा वर्षं मी मागचे खिसे शिवले. वरची कड दुमडायची, तिच्यावर शेजारी शेजारी दोन टिपा मारायच्या. पूर्वी गप्पा मारता मारता व्हायचं ते. आता डोळे फाडून बसले तरी टीप भलतीकडे पळायची. शेठनं माझी मशीन अजून कुणाला दिली नव्हती, पण तो तरी किती थांबणार? तिथं परत बसता येईल की नाही, या एकाच भीतीनं माझा जीव पोखरला होता.

नवऱ्यानं शेअर रिक्षातून खिशांचा गठ्ठा अंबरनाथला घरी आणला. "शेठ बोलला, अर्जंट माल आहे. तुझ्याच हातचा पाहिजे." मी हरखले. खिडकीशी सासूबाईंची जुनी पायमशीन होती, तिच्यावर बसले. सकाळभरात जेमतेम पाच-सहा खिसे होत. सासूबाई भाजी निवडता निवडता टोमणा मारायच्या, "एवढ्या वेळात मी अख्खी गोधडी शिवली असती." मीही काही कमी नाही, आजारी असले तरी तोंड शाबूत होतं.

जेवण झालं की गोळी, आणि मग झोप. ती झोप काही वेगळीच होती. खोली हळूहळू निळी व्हायची, भिंती पातळ व्हायच्या, रस्त्यावरचे हॉर्न पाण्याखालून आल्यासारखे यायचे. त्या निळ्यात रोज एक आवाज असे. कुर्र, कुर्र. वाटायचं, एक खार माझ्या उशाशी बसून डोक्यावरचे टाके कुरतडतेय. भीती कधी वाटली नाही. उलट ती आली की मी निर्धास्त व्हायचे. उठेपर्यंत शिवलेले खिसे गेलेले असत. "कॅम्पात पाठवले," सासूबाई सांगत.

असे दोनेक महिने गेले. एका सकाळी खिसा सुईखाली सरकवताना मी तो सहज उजेडात धरला. कडेजवळ सुईच्या बारीक भोकांच्या तीन जोडओळी होत्या. एक जोडी पार वाकडी. दुसरी जरा बरी. तिसरी जवळजवळ सरळ. तिन्ही माझ्याच, कारण शेवटाला टीप डावीकडे ओढायची माझी जुनी खोड आहे. मी गठ्ठा उपसला. सगळे खिसे तेच ते.

माझं डोकं फिरलं. "अर्जंट माल म्हणे! मला फसवलंत तुम्ही दोघांनी!"

सासूबाईंनी हातातली भाजी खाली ठेवली. त्यांच्या अंगठ्यावर ब्लेडचे किती ओरखडे होते, ते मी तेव्हा पाहिलं. "शेठनं फेकायचे तुकडे दिलेले. तू झोपलीस की मी उसवत बसायचे," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून पदरानं डोळे पुसले. "रोज वाट बघायचे, हिच्या कधी लक्षात येतंय. आज आलं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून मी खूप रडले.

सोमवारपासून कारखान्यात जायचं ठरलं. त्या दुपारी गोळी घेऊन आडवी झाले, पण घर गप्प होतं आणि डोळा लागेना. कूस बदलून बदलून कंटाळले. शेवटी मीच हाक मारली, "आई, जरा ब्लेड घेऊन बसता का इथं?"