एसीच्या पाण्यावरचा मोगरा

एसी लावून मी मोगरा भाजला आहे. (हसू नका, त्यालाही चिकाटी लागते!)

मोगरा माझ्या सासूबाईंचा. उरणजवळ मिठागराला लागून त्यांचं घर होतं. मिठागर गेलं, घर रस्त्यात गेलं, उरला तो अंगणातला मोगरा. कामोठ्याच्या आमच्या फ्लॅटवर राहायला आल्या तेव्हा आईंनी तो गाडीत मांडीवर घेऊन आणला. दागिन्यांचा डबा डिकीत होता! घरातल्या प्रत्येक मुलीच्या हळदीला याच मोगऱ्याचा गजरा, हा त्यांचा नेम. त्या मे महिन्यात त्यांच्या पुतणीचं लग्न होतं, म्हणून मदतीला त्या आधीच गावी दिरांकडे निघाल्या.

"पोरी, दोनी टाइम पानी घाल. हलदीला कल्या तूच घेऊन ये."

"घालते हो, आई!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच गॅलरीची फरशी अशी तापलेली की मी एक पाय ठेवला आणि दोन्ही पाय घेऊन आत पळाले. तेवढ्यात दिसली एसीची नळी, बादलीत ठिबकणारी. उचलली आणि कुंडीत सोडली. झालं! आता गादीवर लोळत बागकाम!

"म्हणजे तू झोपलीस की झाडाला पाणी?" नवऱ्याने विचारलं.

"मग! जेवढी झोप, तेवढं पाणी."

दोन-तीन दिवसांत पानं पिवळी पडली. "पाणी कमी पडतंय," मी काचेआडूनच निदान केलं आणि एसी वाढवला. पानांच्या कडा करपल्या. मी आणखी वाढवला. भर मे महिन्यात कामोठ्यात आम्ही दुलया घेऊन झोपत होतो.

"अगं, माझे दात वाजतायत."

"आईंच्या मोगऱ्यासाठी एवढंही सोसणार नाही?"

बिचारा माकडटोपी घालून झोपला!

रोज आईंचा व्हिडिओ कॉल यायचा. मी काचेआडून, लांबून, जमेल तितका अंधुक मोगरा दाखवायची. एका दुपारी मात्र त्या अडूनच बसल्या.

"काच नको. भायेर जाऊन दाखव."

गेले. कुंडीशेजारी उभी राहिले.

"वारा सुटलाय काय ग?"

"छे हो, आई. पान हलत नाहीये."

"मंग तुजे केस कशे उडतान?"

मी मागे वळले. एसीचा बाहेरचा डबा पंखा गरगरवत, भट्टीसारखी गरम हवा थेट कुंडीवर सोडत होता. वरून थेंबभर पाणी आणि समोरून भाजणी! आत आम्ही जितके गारठत होतो, तितका बाहेर मोगरा भाजत होता.

मी फोन त्या डब्याकडे वळवला. मग आई म्हणाल्या, "मिठागराचा खारा वारा खाऊन वाढला गो तो..." आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मलाही रडू आलं. ते अंगण मीही पाहिलं होतं. नवी नवरी होते तेव्हा संध्याकाळी आई तांदूळ धुतलेलं पाणी मोगऱ्याच्या मुळाशी ओतायच्या आणि पहिलं फूल स्वतःच्या नाही, माझ्या केसांत खोचायच्या.

मी कुंडी ओढत दुसऱ्या कोपऱ्यात नेली. करपलेल्या फांद्या छाटल्या, चपला घालून दोन्ही वेळा हाताने पाणी घातलं. हळदीला जेमतेम तीन कळ्या हाती लागल्या. ओल्या रुमालात गुंडाळून मी त्या गावी नेल्या, तोंड लपवत. आईंनी त्या दोऱ्यात ओवल्या, पुतणीच्या अंबाड्यात माळल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तीन तं तीन. आपल्या अंगनातल्या हायत."

उन्हाळ्यात घरात बसून बागकाम करता येतं, हे माझं म्हणणं आईंनी पुढे खरं करून दाखवलं. आता दर मे महिन्यात त्या एसीत पाय पसरून बसतात आणि काचेवर टकटक करून हुकूम सोडतात, "मुलाशी घाल! पानांवर नको!" बाहेर तांब्या घेऊन मी. मोगरा मजेत आहे, कळ्यांनी लगडतो. गरम हवा आता त्याला लागतच नाही. मध्ये मी उभी असते!