जावेसाठी केलेली प्रार्थना

माझ्या धाकट्या जावेचा मला हेवा वाटायचा, आणि हे सांगताना मला फारसा संकोचही वाटत नाही. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर त्यालाही वाटला असता.

आम्ही खडकीला फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. आमच्या चर्चचं संडे स्कूल माझ्याकडे, महिला मंडळ माझ्याकडे आणि वर्षातून एकदा, महिला रविवारी, पुलपिटावरून, म्हणजे उपदेशाच्या उंच चौथऱ्यावरून, संदेश द्यायचा तोही माझ्याकडे. त्या दिवशी पाळकसाहेब खाली पहिल्या बाकावर बसत आणि मी वर उभी असे. त्या एका सकाळच्या बळावर माझं वर्ष निघायचं. पण इतकी वर्षं बोलून, तुमच्या शब्दानं माझ्यात काही बदललं, असं मला कुणी म्हटलं नव्हतं. छान झालं म्हणायचे आणि चहाकडे वळायचे.

जाऊ कोथरूडला राहायची. तिकडे तेव्हा नुकत्याच सोसायट्या होत होत्या. तिला धड गाता येत नव्हतं. प्रार्थनेत शब्द सापडले नाहीत की ती सरळ गप्प बसायची. पण बुधवारची प्रार्थना तिच्या घरी असली की चपला जिन्यापर्यंत जायच्या. चर्चच्या मंडळीतली माणसं तर यायचीच, शेजारच्या बायकाही यायच्या. कुणाची मुलगी आजारी, कुणाच्या मुलाची दहावी. मंडळीतला एक गृहस्थ वर्षानुवर्षं दारूत बुडालेला. त्याच्यासाठी मी उपास केले होते. त्याची दारू सुटली ती जावेच्या सतरंजीवर, आणि भर उपासनेत उभं राहून देवानं काय केलं याची साक्ष देताना त्यानं आभार मानले तेही तिचेच. माझ्या उपासांची त्याला गंधवार्ता नव्हती.

माझ्याकडे प्रार्थना असली की ठराविक माणसं, ठराविक गाणी आणि माझा लांबलचक संदेश. नानकटाया उरायच्या.

त्या वर्षी महिला रविवारचा विषय ठरला, फळ देणारं जीवन. मंडळाच्या सभेत एक बाई म्हणाल्या, या वेळी धाकटीला बोलू द्या, विषय तिचाच आहे. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मीही हसून होकार दिला. घरी येऊन पोळ्या करपवल्या, आणि काय झालं म्हणून विचारणाऱ्या नवऱ्यावर खेकसले.

पुढच्या बुधवारी प्रार्थना जावेकडेच होती. बस बदलून कोथरूडला पोचेपर्यंत माझं डोकं तापलेलंच होतं. आमच्यात साखळी प्रार्थना असते. गोल बसायचं, डोळे मिटायचे आणि पाळीपाळीनं मोठ्यानं प्रार्थना करायची. या साखळीत एक सोय आहे. जे तोंडावर बोलता येत नाही ते देवाला सांगायचं, आणि ज्याला लागायचं त्यानं ते ऐकून वर आमेन म्हणायचं. सुना सासवांना असंच ऐकवतात आणि सासवा सुनांना. माझी पाळी आली.

"हे प्रभू, आमच्या धाकट्या बहिणीवर तू फार कृपा केलीस. आता तिला गर्वापासून राख. माणसं तुझ्यासाठी येतात की तिच्यासाठी, हे तिला एकदा तपासून पाहू दे."

कुणीतरी खोकलं. मग सगळ्यांच्या आधी तिचं आमेन आलं. मी एक डोळा किलकिला करून पाहिलं. ती रडत होती. मला बरं वाटलं. परतीच्या बसमध्ये उभं राहावं लागलं, त्याचंही काही वाटलं नाही.

रविवारी पाळकसाहेबांनी मला थांबवून घेतलं. जावेनं संदेश द्यायला नकार दिला होता, ताईंनीच द्यावा म्हणाली होती. का, ते मी विचारलं नाही. पुलपिट मला परत मिळालं होतं.

मी जय्यत तयारी केली. वेलीवर बोलले, छाटणीवर बोलले. आवाजही छान लागला होता. संदेशानंतर साक्षींची वेळ असते. जाऊ पदर मुठीत धरून उभी राहिली.

"लोक मला बोलावतात याची मला चटक लागली होती," ती म्हणाली. "माझ्याच ते लक्षात आलं नव्हतं. ताईंनी माझ्यासाठी प्रार्थना केली तेव्हा कळलं. दुसरं कुणी असतं तर बोललं नसतं. माझ्यात काही बदललं असेल तर ते त्यांच्या शब्दानं."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. पहिल्या बाकावरून पाळकसाहेब म्हणाले, "बाई, हे तुमचं फळ."

इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी कान आसुसले होते ते अखेर ऐकायला मिळालं, आणि तेही तिच्याच तोंडून. मला ते तिच्या हातून नको होतं. चहाच्या वेळी बायका तिच्याभोवती जमल्या, किती नम्र आहे म्हणून कौतुक करू लागल्या. माझ्या संदेशाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मी कपबशी घेऊन खिडकीशी उभी होते. त्या घोळक्यातून वाट काढत ती माझ्याकडे आली.

"ताई, माझ्यासाठी अशीच प्रार्थना करत राहाल ना?"

हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? तेव्हापासून रोज करते. तिचं नाव घेते, आणि पुढे काय मागावं ते सुचत नाही. जे मागावं ते तिला आधीच मिळालेलं असतं.