आधी सोन्याला

माझ्या थोरल्या चुलत्यांइतका माणसांत रमणारा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. फरक एवढाच, की त्यांची बहुतेक माणसं मेलेली आहेत. घनसावंगीच्या अलीकडं आमचं गाव. आमच्याकडं माणूस गेलं की आपल्याच वावरात दहन करतात आणि त्या जागी राखेवर दगडांचा ओटा रचतात. गावातलं पहिलं घर आमचं, म्हणून ओट्यांची रांगही सगळ्यांत लांब. एकाही दगडावर नाव नाही. नावं आमच्या या चुलत्यांच्या, म्हणजे आबांच्या तोंडात; आणि नुसती नावं नाहीत, स्वभावसुद्धा. "हितं जोरात बोलू नको, ह्यो लई तापट हाय," असं म्हणत ते एका ओट्यापाशी पायातली चप्पल हातात घेत. दोन सख्खे भाऊ जिवंतपणी एकमेकांशी बोलत नसत. त्यांचे ओटे शेजारी शेजारी. आबा मधून जाताना इकडचा निरोप तिकडं पोचवत. थोरल्या चुलतीच्या ओट्यापाशी रोजचा चहा. अर्धा स्वतः पीत, अर्धा तिथं ओतत, आणि साखर कमी पडली असली तर तिची माफी मागत, जी तिच्या हयातीत त्यांनी कधी मागितली नव्हती. ट्रॅक्टरवाल्याला त्या कोपऱ्यात गाणी बंद करावी लागत. "म्हातारी माणसं झोपून राह्यली, दिसत न्हाई का?" पुढं पुढं तर तो आबा गावात नसतानाही बंद करायला लागला.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे सांगायची संधी मी कुठंच सोडत नाही, इथं तरी का सोडू? पदवीचा कागद हातात आला त्या दिवशी पेढे वाटायच्या आधी आबांनी मला वावरात नेलं आणि रांगेसमोर उभं केलं.

"वाच."

"आबा, इंग्रजीत आहे ते."

"असू दे की. ह्यांच्यात मराठी तरी कुणाला वाचता येत होतं? मोठ्यानं वाच, पार शेवटच्यापर्यंत गेलं पाह्यजे."

विद्यापीठाच्या नावापासून कुलगुरूंच्या सहीपर्यंत मी सगळं वाचलं. सुरुवातीला हसू आवरत नव्हतं. मधेच केव्हातरी ते थांबलं. समोर इतकी माणसं बसली आहेत आणि सगळी ऐकताहेत, असं मला त्या दिवशी खरोखर वाटलं.

रांगेच्या तोंडाशी पलंगाएवढा एक ओटा आहे. घरात नवी सून आली किंवा लेक सासरी निघाली, की पहिला नारळ तिथं. तो मूळपुरुषाचा, हे आम्ही सगळे धरूनच चाललो होतो; आबांना कधी कुणी विचारलंच नाही. आबांच्या मुलाच्या, भगवानच्या लग्नात त्याच्या सासऱ्यांनी तर त्यावर भरजरी फेटा चढवला होता.

गेल्या उन्हाळ्यात भगवान टेप घेऊन वावरात आला. वावर आता तोच पाहतो. ऊसतोडणीच्या यंत्राला लांब सरळ सऱ्या लागतात आणि ही रांग बरोबर आडवी येते. सगळे दगड बांधाला न्यायचे, एकच फरशीचा चौथरा करायचा, वर संगमरवरी पाटी, असा त्याचा बेत. आबा ओट्यांकडं पाहत बसले होते. त्यांचं सगळं गणगोतच भगवान उठवायला निघाला होता.

"आबा, नावं सांगा बराबर. पहिलं मूळपुरुषाचं."

"मोठ्या ओट्याचं? सोन्या."

"सोन्या? आडनाव काय लावायचं मंग?"

"बैलाला कशाचं आडनाव?"

भगवानचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "म्हंजे सासऱ्यांनी फेटा बैलाला…?"

"शोभून दिसला की!" आबा म्हणाले. मग हळूच सांगू लागले. "हितं समदं बाभळीचं रान होतं. मूळ म्हातारा जोडी घेऊन आल्ता, त्यातला एक वाटंतच मेला. मंग जुवाच्या एका अंगाला सोन्या, दुसऱ्या अंगाला म्हातारा सोता. नांगर धरला म्हातारीनं. हे वावर असं निघालं. सोन्या गेला तवा म्हाताऱ्यानं सांगून ठिवलं, आधी त्याला, मंग मला. त्यो बघ, त्याच्या पायाशी. बारकाच हाय ओटा."

मी त्या बारक्या ओट्याकडं पाहत राहिले. आजवर आम्ही त्यावर बिनदिक्कत जेवणाचे डबे ठेवत होतो.

"पाटीवर बैलाचं नाव घातलं तर लोक हसतील," भगवान म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"हसू दे. वावर त्याचंच हाय."

नकळत भगवानचा हात स्वतःच्या मानेवर गेला, जू बसतं तिथं. मग त्यानं टेप गुंडाळला. "ह्या कोपऱ्यातला ऊस हातानंच तोडून घेऊ," एवढंच बोलून तो निघून गेला.

आबांनी चुलतीशेजारची मोकळी जागा मला दाखवली. "ही माझी." मग तिच्या पलीकडची. "ती तुझी."

"आबा, लग्न झालेल्या लेकीला माहेरच्या वावरात जागा असती का कुठं?"

"बैलाला दिली. तुला कोण न्हाई म्हणतंय?"

आता आबांचे गुडघे वावरापर्यंत नेत नाहीत. मी गावी गेले की चहा घेऊन मीच जाते. परत आले की ते विचारतात, "आपल्या जागंवर गवत माजलं का गं?" मी दोन्हीकडचं उपटून आलेली असते. त्यांच्या जागेवरचं उपटताना मात्र हात फार हळू चालतो.