व्याह्यांपुढचं बिनमिरचीचं भरीत

शाळा मी दुसरीत सोडली, पण मिरची खाण्यात अमळनेरच्या बाजूला मला कोणी मागे टाकलेलं नाही. त्यामुळे सगळ्या तपासण्या करून डॉक्टर म्हणाले, "आबा, आतडं धड आहे, फक्त हळवं झालंय. तिखट-तेल कमी करा, काळजी कमी करा," तेव्हा मला रागच आला. तिखट सोडायचं ते सोडू, पण काळजी मी कधी केली?

"मग धुळ्याचे व्याही येणार म्हटलं की पोट का गुरगुरतं?" बायकोनं विचारलं.

"ते हवेनं."

मागच्या हिवाळ्यात व्याह्यांनी, म्हणजे लेकीच्या सासऱ्यांनी, निरोप धाडला: शेतात भरीत पार्टी करा. कापसाच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, हिरव्या मिरच्यांसकट ठेचायची, आणि पंगतीत ज्याच्या डोळ्यांना आधी पाणी येईल तो व्याही हरला, अशी आमच्या दोन घरांची रीत. दरवर्षी मीच जिंकायचो. त्या खेपेला मिरची खाल्ली तर ताटावरून उठून पळायची पाळी. नाही खाल्ली तर लेकीच्या सासरी वर्षभर हसं. निरोप आल्यापासून मिरची बंद होती, तरी पोट मला पळवतच होतं.

बायकोनं माझ्यापुरतं बिनमिरचीचं भरीत वेगळं ठेचलं आणि वर कांद्याची पात भुरभुरली. दिसायला तेच. मी घास घेतला आणि रीतीप्रमाणे नाक ओढलं.

व्याही जेवत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

"व्याही, डोळ्याले पानी कसं नही?"

"सवय शे."

त्यांनी हात लांबवून माझ्याच ताटातला घास उचलला. गेली इज्जत, मी मनात म्हटलं. त्यांनी सावकाश चावलं, इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी आले.

"हे अजून शे का?"

त्यांच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं. आमच्याकडे यायचं म्हटलं की त्यांचंही पोट बिघडायचं. त्या दिवशी तर वाटेत एसटी थांबवावी लागली होती.

बायकोनं वाढायच्या निमित्तानं त्यांचं ताट बदललं. मग आम्ही दोघांनी नाकं ओढत, हुसहुस करत भाकरीवर भाकरी हाणली.

"दोन्ही म्हातारा लोखंडना शेतस," जावई म्हणाला. आम्ही मिशीवर हात फिरवला.

पुढे एकदा हट्टानं मिरची चाखली, तर पोटानं लगेच फैलावर घेतलं. तेवढं डॉक्टरांचं मी मानतो. पण आता व्याही येणार म्हटलं तरी पोट गप्प असतं. बायको म्हणते, काळजी गेली.

मी म्हणतो, हवा बदलली.