चाकणच्या पाहुण्यासाठी काढलेली दाढ

मला अक्कलदाढ येऊ लागली तेव्हा घरात कोणाला माझ्या दुखण्याची काळजी पडली नाही. माझ्या वयाची पडली.

आईबाप मी लहान असतानाच गेले. चिंचवडच्या गावठाणात चुलत्याच्या घरी मी वाढले. वाढले म्हणजे धुणी धुतली, दळण दळलं, गोठा झाडला. चुलतबहीण माझ्याहून धाकटी, पण तिचं लग्न आधी लागलं. माझं लावून दिलं असतं तर घरातलं फुकटचं बाईमाणूस गेलं असतं ना. त्यामुळे दर वर्षी चुलता म्हणायचा, पुढच्या साली बघू. असं करता करता मी विशीला पोचले आणि भावकीतल्या बाया चुलतीला तोंडावर विचारू लागल्या. लोक काय म्हणतील या एकाच देवाला आमच्या घरात भीत असत. मग कुठे स्थळ शोधलं गेलं.

स्थळ चाकणकडचं. मुलगा बिजवर, पहिली बायको वारलेली. पिंपरीला नव्या कारखान्यात लागला होता आणि तिथे त्याला राहायला एक खोली मिळाली होती. मुलगा काळा की गोरा, रागीट की शांत, मी काही विचारलं नाही. मला ती खोली हवी होती. आतून कडी लावता येईल अशी जागा मला जन्मात मिळालेली नव्हती, आणि त्या खोलीसाठी मी कोणाशीही लग्न केलं असतं.

चुलत्यानं माझं वय सोळा सांगितलं होतं. पोरगी जितकी कोवळी तितकी लवकर खपते, हा त्याचा हिशोब. अडचण एकच होती. मुलाचा बाप चाकणच्या बाजारातला बैलांचा व्यापारी. जनावराचा ओठ वर करून तो वय सांगायचा. दुधाचे दात असले तर आदत, दोन पक्के दात आले की दुसा, चार आले की चौसा, आणि सगळे आले की जुळलेला. माणसांनाही तो हेच लावायचा. एका लग्नात नवरदेवानं जांभई दिली, तर यानं त्याच्या दाढा पाहून भर मांडवात त्याचं खरं वय सांगितलं, अशी गोष्ट पंचक्रोशीत फिरत होती. चुलत्यानं ती ऐकली होती. माझा गाल सुजला तसं त्यानं चुलतीला माझं तोंड तपासायला लावलं.

चुलतीनं मला दारात उजेडाला बसवून तोंडात पाहिलं. हिरडीतून दाढेचं टोक वर आलेलं होतं. सोळा वर्षांच्या पोरीला ही दाढ असते का, असं तिनं नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, काढून टाकू. मला कोणी काही विचारलं नाही. टायफॉइडनं मी फणफणले होते तेव्हा याच घरानं मला गवती चहावर बरं केलं होतं. आता मात्र मला पॅसेंजरनं पुण्याला नेलं, थेट दातांच्या सर्जनकडे. लष्करात जवानांचे फुटलेले जबडे जोडलेला माणूस होता तो.

त्यानं वय विचारलं. चुलत्यानं सोळा म्हणून ठोकून दिलं. डॉक्टरनं काडीला लावलेला आरसा माझ्या तोंडात फिरवला आणि म्हणाला, "मग ही दाढ हिच्या आजीची असावी." तो हसला, कंपाउंडर हसला, आणि वेळ मारून न्यायला चुलताही हसला. माझं तोंड उघडं होतं, त्यामुळे मी तेवढी हसले नाही.

डॉक्टर म्हणाला की दाढ आडवी आहे आणि आत पू झालाय. आधी पेनिसिलिनची इंजेक्शनं घ्या, सूज उतरू द्या, मग काढू. आज काढली तर भूल नीट चढणार नाही. चुलता हट्टाला पेटला. रविवारी पाहुणे येणार, तेव्हा आजच काढा. दुसऱ्या बाजूची पण येईलच की मागोमाग, असं डॉक्टर म्हणाला. त्यावर चुलता म्हणाला, "दिसंल तेवढीच काढा."

भूल खरंच चढली नाही. हिरडी कापलेली मला कळली. मग त्यानं छिन्नी आणि हातोडी घेतली. खलबत्त्यात सुंठ कुटावी तसा आवाज, फक्त खल माझ्या डोक्याचा. बैलाच्या खुराला पत्री ठोकताना धरतात तसं चुलत्यानं माझं डोकं दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. त्याच्या हातांना तंबाखूचा वास येत होता. आजही कोणी शेजारी बसून तंबाखू मळायला लागलं की मी उठून जाते. दाढ निघाल्यावर टाके घातले, आणि मी खुणेनं दाढ मागून घेतली. चुलत्यानं ती वाटेत फेकून दे म्हणून सांगितलं. मी हो म्हणून मान हलवली आणि पदराच्या गाठीत ती घट्ट बांधून ठेवली.

रविवारपर्यंत जबडा आवळून गेला. दातांमधून करंगळीसुद्धा आत जाईना. चुलतीला ते बरंच वाटलं. ती म्हणाली, तू गप्प बस, मी बोलीन. सुजलेल्या गालाला तिनं गालगुंड ठरवलं. गालगुंड लहान मुलांना होतं, म्हणजे पोरगी आपोआप लहान ठरते. एवढी अक्कल तिनं माझ्या दुखण्यावर कधी खर्च केली असती तर बरं झालं असतं.

पाहुण्यांत व्यापारी, त्याची बहीण आणि मुलगा असे तिघे होते. पोहे दिले. व्यापाऱ्यानं वय विचारलं. चुलती म्हणाली की सोळावं अजून सरलं नाही. व्यापाऱ्यानं हातातली बशी खाली ठेवली.

"मंग न्हाई जमायचं, पाव्हणं. पयली सोळाचीच आणली हुती. बाळंतपणात ती बी गेली अन् पोर बी गेलं. आता आमाला पुरी जुळलेली बाई पायजे. कवळी न्हाई."

चुलता चाचरत म्हणाला की तशी अठरा-एकोणीसचीही असेल, जन्माची नोंद कुठे आहे. व्यापारी हसला. गिऱ्हाइकाचा कल पाहून बाजारात जनावराचं वय असंच वरखाली होतं, असं म्हणाला. मग माझ्याकडे वळला आणि म्हणाला, तोंड उघड पोरी, मीच बघतो.

मी जोर लावला. जबडा उघडेना, डोळ्यांत पाणी मात्र आलं. तेव्हा मी पदराची गाठ सोडली आणि दाढ त्याच्या पुढ्यात धरली. चुलतीनं पाठीमागून माझ्या कमरेला चिमटा काढला, तरी मी हात मागे घेतला नाही.

त्यानं दाढ उचलून बोटांत फिरवली, मुळं पाहिली. "अक्कलदाढ हाय. पोरगी विशीची हाय," तो म्हणाला.

माझं खरं वय त्या घरात पहिल्यांदाच कोणी मोठ्यानं बोललं. मला वाटलं, खोली मिळाली. मी मुलाकडे तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तोही माझ्याकडे पाहत होता, आणि त्याची नजर वाईट नव्हती. मनात म्हटलं, हा चालेल.

मग व्यापाऱ्यानं चुलत्याला विचारलं, "आमी येनार म्हनून काढली व्हय ही?"

चुलता पोहे घ्या, पोहे घ्या करू लागला. व्यापाऱ्यानं दाढ पोह्यांच्या बशीत ठेवली.

"पोरीत खोट न्हाई. पर दात काढून जनावर बाजारात आणनाऱ्याच्या दावणीचं मी काय घेत न्हाई. आज वय लपिवलं, उद्या काय लपवाल."

तो उठला, त्याच्या पाठोपाठ बहीण उठली, आणि मुलगाही निमूट उठला. मुलानं एकदा मागं वळून पाहिलं. तेवढ्यावर कोणाचा संसार होत नाही. ते गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत चुलत्यानं माझ्या त्याच गालावर हाणली आणि टाके उसवले. तू मध्ये तोंड घातलं नसतंस तर अठरावर सौदा तुटला असता, म्हणाला. मी तोंड उघडलंच कुठे होतं? चुलतीनं उरलेले पोहे झाकून ठेवले, कारण मला काही ते चावणार नव्हते.

बैलबाजारातला शब्द वाऱ्यापेक्षा लवकर पोचतो. दात काढलेली पोरगी, एवढंच माझं नाव राहिलं, आणि पुन्हा कोणी पोहे खायला आलं नाही. पुढच्या साली दुसऱ्या बाजूची दाढ उगवली. तीही आडवीच. ती महिनोन् महिने ठणकली, पण तिला काढायची आता कोणाला गरज नव्हती.

मी त्याच घरात राहिले. चुलती गेली आणि चूल माझ्या हाती आली. चुलत्याचे दात एकेक करून सगळे पडले. ताटावर बसला की केविलवाणं तोंड करून म्हणायचा, भाकर जरा मऊ ठेव गं. मी बरं म्हणायची, आणि तव्यावरची भाकरी उचलून निखाऱ्यांवर आणखी थोडी भाजायची.